होकायंत्र निवडताना



पावसाळा लागला की आठवी-नववीच्या वर्गांत एकच चर्चा सुरू होते : यंदा पदभ्रमणाला कुठे जायचे? त्याच सुमारास कार्यालयात दुसरी चर्चा सुरू होते : सामान काय घ्यायचे? दोरी, शिट्ट्या, प्रथमोपचाराची पेटी, आणि होकायंत्रे. यंदा होकायंत्रांची खरेदी नव्याने करायची आहे. त्यानिमित्त हा पाठ लिहीत आहोत. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, पण खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्यांनीही तो वाचावा, अशी विनंती आहे. कारण पुढे जी चूक सांगणार आहोत ती आमचीच होती.

एक चूक

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या शाळेची ४२ मुले-मुली इंदूरच्या दक्षिणेला, चोरलच्या बाजूच्या पठारावर पदभ्रमणाला गेली होती. सात-सात जणांच्या सहा तुकड्या, प्रत्येक तुकडीबरोबर एक शिक्षक आणि दोन होकायंत्रे. ही बारा होकायंत्रे आम्ही आदल्या वर्षी घेतली होती. तीन दरपत्रके मागवली आणि सर्वांत कमी दराचे मंजूर केले. एका चांगल्या होकायंत्राच्या किमतीत ही बाराच्या बारा आली, याचे तेव्हा समाधानही वाटले होते.

दुपारी धुके उतरले. वीस पावलांपलीकडचे दिसेना. परतीची वाट उत्तरेकडे होती, म्हणून तुकड्या सुईचे लाल टोक पाहत चालू लागल्या. एका तुकडीत पुढे चालणाऱ्या मुलाच्या हातात एक होकायंत्र होते आणि दुसरे मागच्या एका मुलीच्या पिशवीत. तिने ते सहज म्हणून बाहेर काढले, तर त्याचे लाल टोक नेमके पाठीमागे वळले. तिने हाक मारली. दोन्ही होकायंत्रे शेजारी धरून पाहिली, मग लांब धरून पाहिली. एक म्हणत होते पुढे, दुसरे म्हणत होते मागे. बरोबरच्या शिक्षकांनी योग्य तो निर्णय घेतला : सर्वांना जागच्या जागी बसवले. पाऊण तासाने धुके विरळ झाले, तेव्हा कळले की तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेकडे चालत होती आणि दोन-अडीचशे पावलांवर दरीचा कडा होता.

आपल्या भागाचा भूगोल ज्यांना ठाऊक आहे त्यांच्या लक्षात येईल की ही चूक इथे किती महागात पडू शकते. माळव्याचे पठार उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते. म्हणून क्षिप्रा, चंबळ, काली सिंध या नद्या उत्तरेकडे वाहतात. दक्षिणेकडे मात्र विंध्याची कड नर्मदेच्या खोऱ्यात एकदम तुटते. उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल म्हणजे शेतरस्ता आणि कडा यांची अदलाबदल.

कोणाला इजा झाली नाही. शाळेत परतल्यावर बाराही होकायंत्रे लाकडी टेबलावर अंतरा-अंतराने मांडली. तिघांची सुई पूर्ण उलटी होती. आणखी दोन दर वेळी वेगळ्याच जागी थांबत होती. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. वर्षभर ही होकायंत्रे प्रयोगशाळेच्या कपाटात, पट्टी चुंबकांच्या डब्याला टेकून ठेवलेली होती. प्रबळ चुंबक जवळ राहिला तर सुईचे चुंबकत्व क्षीण होते किंवा उलटेही होते, हे आपण आठवीच्या मुलांना शिकवतो. आपल्याच कपाटात मात्र ते पाहिले नाही. निघण्यापूर्वी एकदाही तपासले नाही. दुकानदाराचा यात दोष नव्हता.

सुई काय सांगते?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे होकायंत्राला दिक्सूचक म्हणत, आणि जुन्या पुस्तकांत कुतुबनुमा. कुतुबनुमा म्हणजे ध्रुव दाखवणारा. नाव सुंदर आहे, पण सुई त्यातले अर्धेच करते. ती जिथे आहे तिथल्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेत उभी राहते, इतकेच तिचे काम. त्या जागी पृथ्वीच्या चुंबकत्वाशिवाय दुसरे काही नसेल तर ती चुंबकीय उत्तर दाखवते. शेजारी मोटार उभी असेल तर ती मोटारीचेही ऐकते.

चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर या दोन्हींत थोडा कोन असतो. आपल्या सुदैवाने माळव्यात हा कोन एका अंशाच्या आसपासच आहे, त्यामुळे शाळेच्या पदभ्रमणात तो सोडून दिला तरी चालतो. अमेरिकेच्या काही भागांत तो १५ अंशांच्या घरात जातो. म्हणून तिकडच्या महाग होकायंत्रांत हा कोन आधीच लावून ठेवण्याची सोय असते. त्या सोयीसाठी आपण जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सुई फक्त उत्तरेकडे वळत नाही, ती खालीही झुकू पाहते. दक्षिण भारताच्या टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते, तिथे हे झुकणे जवळजवळ नसते. आपल्याकडे ते तीस-पस्तीस अंश आहे, आणि उत्तर युरोपात सत्तर अंशांच्या आसपास. सुई तरीही आडवी राहावी म्हणून कारखान्यात तिच्या दुसऱ्या टोकाला थोडे वजन देतात, आणि ते वजन जगाच्या त्या-त्या पट्ट्याप्रमाणे वेगळे असते. त्यामुळे युरोपसाठी बनवलेले होकायंत्र इथे आणले तर सुईचे दक्षिण टोक खाली झुकते आणि तबकडीला घासू लागते. परदेशातील काका-मामांनी भेट पाठवलेले महागडे होकायंत्र इथे अडखळते ते याच कारणाने. घेताना विचारावे : हे भारतासाठी तोललेले आहे का, किंवा जगात कुठेही चालणाऱ्या सुईचे आहे का?

होकायंत्रांचे प्रकार

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

पहिला प्रकार बटणाएवढ्या छोट्या होकायंत्राचा. किल्लीच्या कडीला, शिट्टीला किंवा घड्याळाच्या पट्ट्याला लावलेले ते असते. त्यावर अंश नसतात, असले तर वाचता येत नाहीत. ढोबळ दिशा कळते, पण नकाशाबरोबर त्याचा उपयोग नाही. आमची बारा होकायंत्रे साधारण याच जातीची होती, फक्त आकाराने मोठी.

दुसरा प्रकार पारदर्शक पट्टीवर बसवलेल्या होकायंत्राचा. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये तो तयार झाला. सपाट पारदर्शक पट्टी, तिच्यावर फिरणारी अंशांची तबकडी, तबकडीत द्रवात तरंगणारी सुई आणि तळाशी समांतर रेषा. ही पट्टी नकाशावर सरळ ठेवता येते आणि वेगळा कोनमापक लागत नाही. शाळेसाठी हाच प्रकार योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्यालाच जोडलेल्या आरशाचा. दूरचे शिखर आणि तबकडी एकाच वेळी दिसते, त्यामुळे दिशा अधिक नेमकी घेता येते. शिक्षकांजवळ असे एक असावे.

चौथा प्रकार लोलकाचा, म्हणजे प्रिझमॅटिक. आपले एनसीसीचे विद्यार्थी तो ओळखतात. लोलकातून अंश वाचता येत असल्याने तो फार अचूक असतो. मात्र तो जड आणि महाग असतो, आणि नकाशावर काम करायला वेगळा कोनमापक लागतो. काही जुन्या लष्करी होकायंत्रांवर ३६० अंशांऐवजी वेगळीच मापे असतात, ती पाहून मुले गोंधळतात.

मोबाइलचे काय, असे पालक विचारतील. मोबाइलमध्येही चुंबकीय क्षेत्र मोजणारा छोटा घटक असतो आणि तोही लोखंडाने व चुंबकाने फसतो. चुंबकी बटणाचे वेष्टन असेल तर अधिकच. उपग्रहावरून जागा कळणे ही मात्र मोबाइलची खरी ताकद आहे, आणि त्याला नेटवर्क लागत नाही. फक्त नकाशा आधी उतरवून घेतलेला हवा आणि बॅटरी शिल्लक हवी. म्हणून मोबाइल बरोबर असावा, पण पावसात भिजूनही काम देणारे साधन गळ्यात असावे.

घेताना काय पाहावे?

१. तबकडीत द्रव हवा. कोरडी सुई बराच वेळ डोलत राहते. द्रवातली काही सेकंदांत स्थिर होते. चालून दमलेल्या मुलाला डोलती सुई बघत उभे राहण्याचा धीर नसतो, तो अंदाजाने चालू लागतो.

२. द्रवात मोठा बुडबुडा नको. टाचणीच्या डोक्याएवढा असला तर चालेल, पण सुईला अडवील एवढा असेल तर तबकडी कुठेतरी गळते आहे असे समजावे.

३. तबकडीवर ३६० अंश हवेत आणि खुणा दोन-दोन अंशांच्या हव्यात. एक अंशाची चूक झाली तर एक किलोमीटर चालल्यावर आपण सुमारे १७ मीटर बाजूला जातो. पाच अंशांची चूक झाली तर जवळपास ८७ मीटर. जंगलात ८७ मीटर बाजूला गेले तर पायवाट किंवा विहीर सहज चुकते.

४. तबकडी हाताने फिरावी, पण आपोआप सरकू नये. पट्टीवरच्या खुणा नखाने खरडल्या तर निघू नयेत.

५. पट्टीवर सेंटिमीटर हवेत, आणि १:५०,००० चे प्रमाण असेल तर उत्तम. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जे स्थलदर्शक नकाशे आपण वापरतो, ज्यांना सगळे टोपोशीट म्हणतात, त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. फक्त इंच आणि १:२४,००० असे छापलेले होकायंत्र अमेरिकेच्या नकाशांसाठी असते. ते आपल्या कामाचे नाही.

६. गळ्यात अडकवायला दोरी हवी. खिशात ठेवलेले होकायंत्र मोबाइलशेजारी जाऊन बसते.

घेतल्यावर काय तपासावे?

दुकानातून आणलेले होकायंत्र लगेच खरे मानू नये. पुढील चार परीक्षा कोणीही विद्यार्थी करू शकतो.

पहिली परीक्षा परतीची. होकायंत्र लाकडी टेबलावर सपाट ठेवावे. सुई थांबली की अंश लिहून घ्यावा. लोखंडी किल्ली जवळ नेऊन सुई हलवावी आणि किल्ली दूर करावी. सुई पुन्हा त्याच अंशावर आली पाहिजे. असे पाच वेळा करावे. दर वेळी जागा बदलत असेल तर सुई ज्या टोकावर तोललेली आहे तिथे घासते आहे किंवा तिचे चुंबकत्व क्षीण झाले आहे.

दुसरी परीक्षा एकमताची. सर्व होकायंत्रे एकमेकांपासून हातभर दूर मांडावीत. जवळ ठेवली तर एकीची सुई दुसरीला ओढते. सगळ्यांचे लाल टोक एकाच बाजूला हवे.

तिसरी परीक्षा झुकण्याची. होकायंत्र तळहातावर सपाट धरून सावकाश गोल फिरावे. सुई कुठेही तबकडीला चिकटता कामा नये.

चौथी परीक्षा सूर्याची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. सगळी होकायंत्रे एकाच कपाटात बिघडली असतील तर त्यांचे एकमतही खोटे असू शकते. म्हणून बाहेरचा साक्षीदार हवा. शाळेच्या मैदानात सपाट जागी एक सरळ काठी उभी रोवावी आणि तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी काठीच्या सावलीचे टोक वर्तुळाला स्पर्श करील तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा स्पर्श करील तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते, आणि तिच्यावर काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. ही रीत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली आहे. आपल्या जवळच उज्जैनला, अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी बांधलेल्या वेधशाळेत, शंकुयंत्र आहे. सहलीला गेलात तर ते नक्की पाहा. मैदानातली ही रेषा विटांनी पक्की करून ठेवली की दरवर्षी होकायंत्रे तिच्यावर ठेवून तपासता येतील.

रात्रीची परीक्षा आणखी सोपी आहे. इंदूरहून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे २३ अंश उंचीवर दिसतो, कारण आपले अक्षांश तेवढेच आहेत. लाल टोक त्याच्या दिशेला हवे.

लोखंड, वीज आणि काळा दगड

सुई किती हळवी असते याची एक खरी गोष्ट महाराष्ट्रातली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम आणायचे ठरले. त्यांच्या वीजप्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून हे काम अलिबागला हलवले, आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. तिथली निरीक्षणाची इमारत चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याची बांधली. नोंदींची अखंड मालिका टिकावी म्हणून अख्खी वेधशाळा समुद्रापलीकडे नेली. आपल्याला फक्त होकायंत्र मोबाइलपासून हातभर दूर धरायचे आहे.

दिशा घेताना उभ्या मोटारीपासून वीसेक मीटर, काटेरी तारेच्या कुंपणापासून दहा मीटर आणि उच्चदाबाच्या वीजवाहिनीपासून निदान साठ मीटर दूर जावे. चष्म्याची लोखंडी काडी, कंबरपट्ट्याचे बकल, स्टीलचा कडा यांकडेही लक्ष असावे.

आपल्या भागात आणखी एक सावधगिरी हवी. माळव्याचा आणि सह्याद्रीचा काळा दगड बेसाल्ट आहे, आणि त्यात चुंबकीय खनिज असते. म्हणून होकायंत्र कातळावर टेकवून दिशा घेऊ नये. उभे राहून छातीशी धरावे. शंका आली तर दहा-वीस पावले सरकून पुन्हा पाहावे. दोन्ही ठिकाणी उत्तर सारखे आले तर पुढे जावे.

वापर आणि जपणूक

पारदर्शक पट्टीच्या होकायंत्राचा वापर तीन पायऱ्यांत शिकता येतो. नकाशावर आपण आहोत ते ठिकाण आणि जायचे ते ठिकाण यांना पट्टीची कड जोडा. पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला हवा. आता तबकडी फिरवा, तिच्यातल्या समांतर रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांशी जुळवा, आणि तबकडीवरची उत्तरेची खूण नकाशाच्या उत्तरेला आहे ना ते बघा. मग होकायंत्र छातीशी धरून स्वतः गोल फिरा. सुईचे लाल टोक तबकडीतल्या बाणाच्या घरात बसले की पट्टीचा बाण तुमची वाट दाखवतो. सुईचे दुसरे टोक चुकून त्या घरात बसवले तर उत्तम होकायंत्रही तुम्हाला थेट उलट्या दिशेला नेईल. म्हणून प्रत्येक वेळी मनाला एक प्रश्न विचारा : सूर्य, उतार, ओढा, वारा यांतले काही या दिशेला दुजोरा देते का?

होकायंत्र चुंबकापासून, ध्वनिवर्धकापासून आणि मोबाइलपासून दूर, वेगळ्या लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. उन्हात तापलेल्या बसच्या काचेशी ठेवू नये. सुई उलटी झालीच तर पट्टी चुंबकाचे दक्षिण टोक तिच्या मध्यापासून लाल टोकाकडे काही वेळा फिरवून ती पुन्हा सुलटी करता येते. प्रयोगशाळेत हा प्रयोग अवश्य करा, पण असे दुरुस्त केलेले होकायंत्र डोंगरावर नेऊ नका.

शेवटी विनंती

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यंदा बारा स्वस्त होकायंत्रांऐवजी सहा चांगली घ्यावीत. प्रत्येक तुकडीला एक, आणि शिक्षकांसाठी आरशाचे एक वेगळे. तुकडीतले दुसरे मत शिक्षकांच्या होकायंत्राचे राहील. दरपत्रके जरूर मागवावीत, पण मंजुरीपूर्वी प्रत्येकाचा एक नमुना मैदानातल्या रेषेवर तपासावा. ज्या मुलांना ते वापरायचे आहे त्यांच्याच हातून तपासावा.

पालकांना सांगणे इतकेच की पाल्याला होकायंत्र घेऊन द्याल तर एक रविवार त्याच्याबरोबर काढा. घराच्या गच्चीवर रात्री ध्रुवतारा दाखवा आणि सुईशी ताडून पाहायला सांगा.

आणि मुलांनो, त्या दिवशी तुकडी वाचली ती पिशवीतले दुसरे होकायंत्र बाहेर काढून "थांबा, हे जुळत नाही" असे म्हणणाऱ्या एका मुलीमुळे. सगळी रांग पुढे चाललेली असताना असे म्हणायला धैर्य लागते. चांगले होकायंत्र आम्ही घेऊन देऊ. तुम्ही ते तपासत राहा, आणि जुळत नसेल तेव्हा मोठ्याने सांगा, मग पुढे तुमचा मित्र असो, शिक्षक असोत की आम्ही असू.